खर्जाची गिटार आणि आकड्यांची लिपी



आजचा विषय तसा लहान आहे. एक इंग्रजी गाणे, त्या गाण्यातले एक वाद्य आणि ते वाद्य शिकण्यासाठी वापरात असलेली आकड्यांची एक लिपी, एवढ्यापुरतेच आम्ही बोलणार आहोत. रॉक संगीत चांगले की वाईट, त्याने तरुण पिढी बिघडली की रमली, हा वाद फार जुना आहे आणि आज आणखी तासभर बोलून तो मिटेल अशी चिन्हे नाहीत. तेव्हा तो बाजूस ठेवू. हल्ली घरोघरी मुले गिटार घेऊन बसलेली दिसतात. समोर एक कागद असतो, त्यावर रेघा आणि आकडे असतात, आणि पंधरा दिवसांनी मुलगा किंवा मुलगी घरात जाहीर करते की, गाणे बसले. बोटे अगदी नेमक्या जागी पडत असतात. तरीही ऐकणाऱ्याला गाणे ओळखू येत नाही. असे का व्हावे? कित्येक मुले याच टप्प्यावर 'आपल्या अंगात संगीत नाही' असा निकाल स्वतःच देतात आणि वाद्य माळ्यावर जाते. हा निकाल पुष्कळदा अन्यायाचा असतो. दोष मुलाच्या अंगात नसतो, कागदाकडून त्याने केलेल्या अपेक्षेत असतो. म्हणून हा खटाटोप.

प्रथम वाद्याची ओळख. बेस गिटार म्हणजे खर्जाची गिटार. नेहमीच्या गिटारीला सहा तारा असतात, हिला बहुधा चार. सर्वांत जाड तारेपासून त्यांचे सूर ई, ए, डी आणि जी. नेहमीच्या गिटारीतील चार जाड तारांचे हेच सूर आहेत. ही मात्र त्यांच्याखाली पूर्ण एक सप्तक बोलते. हिची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. माणसाच्या कानाला स्वर म्हणून जे ऐकू येते त्याचा तळ येथून फार दूर नाही. पूर्वी हे काम डबल बेस हे वाद्य करीत असे. माणसाहून उंच, उभे राहून वाजवायचे, आणि व्हायोलिनप्रमाणे त्याच्या दांडीवर पडदे नाहीत. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी पडदे असलेली, खांद्याला अडकवता येणारी विजेची बेस गिटार बाजारात आणली आणि तिला 'प्रिसिजन', म्हणजे अचूकपणा, असे नाव दिले. नाव पडद्यांवरून पडले आहे. पडद्यामागे बोट दाबले की सूर जागेवर लागतोच. कानाने तो शोधीत बसावे लागत नाही. आपल्या सतारीचे पडदे सरकवता येतात, हिचे दांडीत ठोकून बसवलेले. एका पडद्याला अर्धा स्वर, बारा पडदे ओलांडले की सप्तक पुरे झाले.

पडदे आले की त्यांना क्रमांक देता येतात, आणि क्रमांक देता आले की लिपी तयार होते. टॅब्लेचर म्हणतात ती हीच. मुलांच्या तोंडी तिचे नाव टॅब. कागदावर चार आडव्या रेघा काढायच्या. या चार तारा. सर्वांत खालची रेघ ही सर्वांत जाड तार. रेघेवर ३ लिहिले असेल तर त्या तारेवर तिसऱ्या पडद्यामागे बोट दाबावे. शून्य लिहिले असेल तर बोट लावूच नये, तार मोकळी छेडावी. डावीकडून उजवीकडे वाचीत जावे. झाली लिपी शिकून! पाश्चात्त्यांची पाच रेघांची स्वरलिपी वाचता यायला महिने लागतात, ही दहा मिनिटांत येते. जिला स्वरांची नावेसुद्धा ठाऊक नाहीत अशी दहा वर्षांची मुलगी संध्याकाळपर्यंत चार सूर वाजवून दाखवते. ही काही लहान गोष्ट नाही, आणि या लिपीला नाके मुरडणाऱ्यांनी ती विसरू नये.

आता गाणे. आम्ही मुद्दाम असे गाणे निवडले आहे की जे शिकणाऱ्याला सर्वांत सोपे वाटते. क्वीन नावाच्या इंग्रजी वाद्यवृंदाचे 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हे गाणे १९८० साली त्यांच्या 'द गेम' या संग्रहातून आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेच्या यादीत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. ते गाणारा फ्रेडी मर्क्युरी याचे मूळ नाव फारोख बलसारा. जन्म झांझिबारचा, घराणे पारशी, आणि शिक्षण आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. तेथेच शाळकरी वयात मित्रांच्या 'द हेक्टिक्स' नावाच्या वाद्यवृंदात तो पियानो वाजवीत असे. आपल्या लोकांना हा धागा सापडला की व्याख्यान तिकडेच वाहत जाते, म्हणून येथेच थांबतो. कारण आजचा आमचा नायक तो नाही.

गाणे लिहिले ते बेस वाजवणाऱ्या जॉन डीकन यांनी. १९७१ साली हे वाद्यवृंदात आले, त्याच वर्षी त्यांनी लंडनच्या चेल्सी कॉलेजातून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली. मितभाषी गृहस्थ. फेकून दिलेल्या एका विद्युत्‌मंडळापासून त्यांनी घरगुती अ‍ॅम्प्लिफायर तयार केला होता आणि तो पुढे वृंदातील गिटारवादकाने अनेक ध्वनिमुद्रणांत वापरला. रंगमंचावर ते कडेला उभे राहत आणि १९९७ नंतर संगीताच्या जगातून जवळजवळ नाहीसेच झाले. या गाण्यात त्यांनी बेस तर वाजवलाच, शिवाय इतर बरीच वाद्येही स्वतःच वाजवली. अमेरिकेतील शीक या वाद्यवृंदाच्या १९७९ मधील 'गुड टाइम्स' या गाण्याची छाया त्यावर स्पष्ट आहे. म्हणून काही कर्मठ मंडळी याला रॉक म्हणावयास तयार नसतात, नृत्यगीत म्हणतात. रॉक वाद्यवृंदाने वाजवले, रॉक ऐकणाऱ्यांनी डोक्यावर घेतले, आम्हांस एवढे पुरते.

या गाण्याचे मुख्य आवर्तन जाड तारेच्या मोकळ्या सुराला षड्ज मानल्यास तीन स्वरांत मावते: सा, कोमल गंधार आणि मध्यम. पडद्यांच्या भाषेत शून्य, तीन आणि पाच. सुरुवातीला वरून उतरणारे दोन सूर येतात आणि मग त्या प्रसिद्ध तीन आघातांवर गाणे उभे राहते. टॅबमध्ये हे तीन आघात कसे दिसतात? खालच्या रेघेवर तीन शून्ये. शिकणारा ती पाहतो आणि हसतो. डाव्या हाताला काही कामच नाही! उजव्या बोटाने जाड तार तीनदा छेडली की झाले.

तो छेडतो. तार जाड आहे, मोकळी आहे, ती घुमते. पहिल्या आघाताचा घुमारा संपण्यापूर्वी दुसरा येतो, दुसऱ्याचा संपण्यापूर्वी तिसरा. तीन आघातांच्या जागी एक लांबलचक गुरगुर ऐकू येते. सूर बरोबर आहेत, क्रम बरोबर आहे, तार बरोबर आहे. फक्त गाणे नाही.

डीकन यांचे तीन आघात तीन पावलांसारखे आहेत. पाऊल पडते, उचलले जाते, मध्ये जमीन रिकामी असते, मग पुढचे पडते. त्या रिकाम्या जागेत मागचा ढोल ऐकू येतो, आणि ढोल व बेस यांच्या त्या आळीपाळीनेच ऐकणाऱ्याची मान हलू लागते. सूर किती वेळ धरला यापेक्षा तो केव्हा सोडला, नव्हे केव्हा मारला, यात सारे आहे. आणि मोकळी तार मारायची कशी? डाव्या हाताची बोटे तारेवर हलकेच टेकवून. दाबायची नाहीत, दाबली तर नवा सूर निघेल. किंवा उजव्या हाताचे पुढचे बोट छेडण्याआधी क्षणभर तारेवर टेकवून. म्हणजे ज्या शून्यापाशी डाव्या हाताला काम नाही असे कागद सांगतो, नेमके तेथेच त्याला सर्वांत जास्त काम आहे. पाचव्या पडद्यावरचा सूर थांबवणे त्यामानाने सोपे असते. बोट जरा सैल केले, पण तारेवरून उचलले नाही, की झाले. मोकळ्या तारेला ती सवलत नाही.

आपल्याकडच्या तबलजीला यात काही नवल वाटणार नाही. डग्ग्यावर 'गे' वाजवला की तो घुमतो, 'के' वाजवला की हात तेथेच राहतो आणि आवाज मिटतो. खुला बोल आणि बंद बोल. मिटलेला आवाज हाही एक बोल आहे, त्याला नाव आहे, तो तोंडाने म्हणता येतो, शिष्याकडून घोकून घेता येतो. टॅबमध्ये सूर असा मिटवण्याला बहुधा अक्षर नसते. अबोल्याला अक्षर नसले की शिकणारा तो अबोला वाचीत नाही, हे ओघाने आलेच.

येथे कोणी म्हणेल की लिपीच अडाणी आहे, टाकून द्या आणि मुलांना पाच रेघांची स्वरलिपी शिकवा. संगीत शिक्षकांपैकी पुष्कळांचे हेच मत असते. आम्हांस ते मान्य नाही, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. ही लिपी रॉकवाल्यांनी काढलेली नाही. १५०७ साली व्हेनिसमध्ये पेत्रुच्ची या मुद्रकाने फ्रान्चेस्को स्पिनाचिनो याची ल्यूटची पुस्तके छापली ती टॅब्लेचरमध्येच. ल्यूट म्हणजे आपल्या ओळखीच्या अरबी ऊदची युरोपीय बहीण. तिच्या सहा रेघा, त्यावर पडद्यांचे आकडे, मोकळ्या तारेला तेव्हाही शून्यच. गंमत एवढीच की इटलीच्या त्या पद्धतीत जाड तार वरच्या रेघेवर असे, कारण वाद्य मांडीवर घेतले की वाजवणाऱ्याच्या डोळ्यांना जाड तारच वर दिसते. पुढे अठराव्या शतकात बाखच्या तोलाचा समकालीन म्हणून ज्याचे नाव घेतात तो ल्यूटवादक वाइस आपल्या रचना टॅब्लेचरमध्येच लिहीत असे. त्याला अडाणी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

पण त्या जुन्या पानांवर आजच्या टॅबमध्ये बहुधा नसणारी एक गोष्ट आहे. आकड्यांच्या वर लहान लहान दांड्या आणि त्यांना शेपट्या काढलेल्या असतात. ती काळाची खूण. हा सूर किती मात्रांचा, पुढचा केव्हा, हे त्यावरून कळते. मग ती खूण आज गळून का पडली? चांगल्या छापील पुस्तकांत ती अजून असते, कधी आकड्यांच्या वर पाच रेघांची ओळही दिलेली असते. गळली ती हौशी लोकांनी एकमेकांसाठी उतरवून दिलेल्या कागदांतून. आणि त्याचेही कारण आळस हे नाही. १५०७ साली ज्याने ते पुस्तक विकत घेतले त्याने ती रचना कदाचित जन्मात ऐकलेली नसे. कागदाला सर्व काही सांगणे भाग होते. आजच्या मुलाने गाणे शंभरदा ऐकलेले असते. कागद लिहिणारा असे धरून चालतो की वेळ तुला ठाऊकच आहे, मी फक्त जागा सांगतो. म्हणजे आजची टॅब ही पूर्ण लिपी नसून अर्धी आहे, आणि तिचा उरलेला अर्धा भाग ध्वनिमुद्रिकेत ठेवलेला आहे. ज्याने कागद पाहिला आणि मुद्रिका बंद ठेवली, त्याने अर्धेच पुस्तक वाचले.

आपल्या पंडित भातखंडे यांची स्वरलिपी याच्या अगदी उलट बाजूला उभी आहे. तीत स्वर आहे, मात्रा आहे, सम कोठे, टाळी कोठे, खाली कोठे, सर्व आहे. स्वर लांबवायचा तर पुढे रेघ आहे, अक्षर लांबवायचे तर अवग्रह आहे. नाही ते एवढेच की बोट कोठे ठेवावे. कारण ती गळ्यासाठी आणि कोणत्याही वाद्यासाठी आहे. तीतही शून्य येते, पण ते खालीची मात्रा दाखवण्यासाठी. एका लिपीत शून्य म्हणजे मोकळी तार, दुसरीत शून्य म्हणजे तालाची रिकामी जागा. बेस शिकणाऱ्याने दोन्ही शून्ये एका पानावर आणावीत असे आमचे म्हणणे आहे, आणि ते कसे, ते आता सांगतो.

वाद्य हातात न घेता गाणे ऐकावे, आणि ते ऐकताना साधन बरे असावे. खिशातल्या फोनच्या इवल्याशा ध्वनिवर्धकातून ४१ कंपनांचा सूर बाहेर पडतच नाही. आपल्याला ऐकू येतात ती त्याची वरची, ८२ आणि १२३ कंपनांच्या पुढची, भावंडे. आणि त्यांवरून कान मूळ सुराचा अंदाज बांधतो. कानाची ही करामत मोठी आहे, पण सूर नेमका केव्हा मिटला हे अशा अंदाजातून कळत नाही. कानाला लावण्याचे बरे यंत्र घ्यावे. दहा-बारा वेळा फक्त बेस ऐकावा, गाणाऱ्याकडे लक्ष देऊ नये. हे वाटते तितके सोपे नाही, कारण मर्क्युरीचा आवाज लक्ष ओढून घेतो.

मग टाळी धरावी. चार मात्रांचे आवर्तन आहे, मिनिटाला सुमारे ११० मात्रा. (हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावी असे वैद्यकशास्त्र सांगते, आणि हे गाणे त्या लयीत बरोबर बसते. मात्र गाण्याच्या नावाचा अर्थ 'आणखी एक धुळीस मिळाला' असा असल्याने रोग्याच्या नातेवाइकांसमोर ते मोठ्याने म्हणू नये.) टाळी स्थिर झाली की बेसचे आवर्तन तोंडाने म्हणावे, तबल्याची पढंत करतात तसे. घुमणाऱ्या सुराला 'धूं' म्हणा, मिटवलेल्याला 'धुप्' म्हणा, काहीही म्हणा. पण सूर जेथे मिटतो तेथे ओठही मिटले पाहिजेत. तोंडाला जे म्हणता येत नाही ते बोटांना येणार नाही, हा आमच्याकडचा तबलजींचा जुना दंडक या परक्या वाद्यालाही तंतोतंत लागू पडतो.

हे झाल्यावर पेन्सिल घ्यावी आणि टॅबच्या वर मात्रांचे आकडे लिहावेत. एक, दोन, तीन, चार. पहिले शून्य एकखाली, दुसरे दोनखाली, तिसरे तीनखाली. चौथी मात्रा सुरू होते तेव्हा बेस गप्प असतो. तेथे खालीची खूण करावी. जेथे जेथे सूर मिटतो तेथे बारीक उभी रेघ मारावी. गाण्याच्या पहिल्या दोन आवर्तनांना एक संध्याकाळ लागते, त्यापुढचे झपाट्याने होते, कारण गाणे फिरून फिरून तेथेच येते. ही खरडलेली पाने सुंदर दिसत नाहीत, पण छापील पानापेक्षा ती शिकणाऱ्याच्या अधिक मालकीची असतात.

मगच वाद्य. प्रथम लय जवळजवळ निम्म्यावर आणावी, मिनिटाला ६० मात्रा. शिकणाऱ्याला वाटते, सावकाश म्हणजे सोपे. या गाण्यात तसे होत नाही. मूळ लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाहून किंचित मोठी आहे; ६० वर ती पुरी एक सेकंदाची होते, आणि रिकामी जागाही तितकीच लांबते. त्या लांबलेल्या शांततेत बोटे चुळबुळू लागतात, पुढचा आघात घाईने येतो. विलंबित ख्याल ऐकणाऱ्यांना हे सांगायला नको. ती चुळबूळ थांबली की लय दर दोन दिवसांनी पाच-पाच मात्रांनी वाढवावी.

मध्यमाच्या जागेचा एक प्रश्न येतो. तोच सूर जाड तारेच्या पाचव्या पडद्यावर आहे आणि शेजारच्या तारेवर मोकळाही आहे. निरनिराळ्या कागदांत निरनिराळी जागा सापडते आणि मुले खरी कोणती म्हणून भांडतात. स्वर एकच, पण रंग वेगळा. जाड तारेवरचा भरीव आणि आटोक्यात राहणारा, मोकळ्या तारेवरचा उजळ आणि पसरणारा. स्वरलिपी ही निवड सहसा सांगत नाही, टॅब सांगते, आणि हा तिचा खरा मोठेपणा आहे. या गाण्याला सूर मिटवायचे असल्यामुळे आम्ही पाचवा पडदा पसंत करतो. ज्याला दुसरे आवडेल त्याने ते ऐकून ठरवावे, मात्र ऐकून ठरवावे.

टॅबच्या भरवशावर राहणाऱ्याची खरी परीक्षा पुढे होते. समजा गाणारा म्हणाला, आज गळा बसला आहे, एक पूर्ण स्वर खाली घ्या. पूर्ण स्वर म्हणजे दोन पडदे. पाचाचे तीन झाले, तिनाचा एक झाला, आणि शून्याचे? शून्याच्या खाली दांडी संपलेली आहे. ज्याला फक्त आकडे ठाऊक आहेत तो तेथे हात टेकतो. ज्याला ठाऊक आहे की ते शून्य म्हणजे षड्ज, तीन म्हणजे कोमल गंधार आणि पाच म्हणजे मध्यम, तो एकतर जाड तार दोन पडद्यांइतकी उतरवून घेतो, किंवा षड्जाची जागा तिसऱ्या तारेवर मोकळ्या डीवर नेऊन सप्तक बदलल्याचे गाणाऱ्याला सांगतो. म्हणून आकडे लिहिताना त्यांखाली सरगमही लिहावी असा आमचा आग्रह असतो. मुले कंटाळतात, तरी लिहावी.

चालकांच्या कृपेने येथे एक बेस गिटार आणि तिचा ध्वनिवर्धक आणून ठेवलेला आहे. फळ्यावर आम्ही चार रेघा काढल्या आहेत आणि जाड तारेवर तीन शून्ये लिहिली आहेत, वर एक ते चार मात्रा. ज्यांनी हे वाद्य कधी हातात घेतलेले नाही अशा दोघा-तिघांनी पुढे यावे. बाकीच्यांनी मिनिटाला ६० ची टाळी धरावी. पट्टा खांद्यावर नीट बसवून घ्या, वाद्य जड आहे.